सात एक

“कायतरी उरतंच बगा, मास्तर,” असं म्हणून ते करंगळी वर करायचे. साठच्या दशकात ते नवघरच्या एका मिठागरावर मुकादम होते. शाळा चौथीत सुटली होती, भागाकार मात्र सुटला नव्हता. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला पाहून आपण आधी हसतो.

मिठाची टोपली रिकामी झाली की चिखलात काठीनं एक उभी रेघ, ही त्यांची मोजण्याची रीत. एकदा सात रेघा शेजारीशेजारी पडल्या आणि त्यांनी त्या सात एकांचा आकडा म्हणून वाचल्या. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा! दोननं भागलं, एक उरला. मग तीन, पाच, सात, अकरा, तेरा, दरवेळी एकच. सतरानं आठ उरले, त्या दिवशी म्हणे त्यांना घास गेला नाही.

तेव्हापासून रोज दुपारी भाकरी खाल्ली की एक भागाकार. बाकी वहीत टिपायची. “सातानं गेला न्हाय, तो चवदानं कसा जाईल?” म्हणून चौदा वगळायचा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

“मुकादम, फुटला का नारळ?” कामकरी चिडवायचे.

“फुटंल न्हायतर न्हाय फुटायचा. पन ठावं पायजे.”

मी तेव्हा नुकताच बी.एस्सी. होऊन तिथल्या शाळेत गणित शिकवायला लागलो होतो. एके दिवशी ते धुतलेला सदरा घालून शिक्षकांच्या खोलीत आले. वही फडक्यात गुंडाळलेली.

“मास्तर, डोलं दुखतान आता. यो आकडा फुटतो का न्हाय, तेवढं सांगा.”

मला माहीत नव्हतं. बसा, करून पाहू, एवढं म्हणता आलं असतं. पण बाकीचे शिक्षक बघत होते. मी वहीवर नजर टाकल्यासारखं केलं आणि म्हणालो, “अविभाज्य आहे. कशानंही जाणार नाही.”

“नक्की?”

“गणित मी शिकवतो की तुम्ही?”

सगळे हसले. तेही हसले, आणि वही पुढे करून म्हणाले, “मंग सही द्या.” मी झोकात सही केली.

त्यांनी भागाकार थांबवला. दरवर्षी हंगामाचं पहिलं पांढरं मीठ आगरातल्या देवाला दाखवून झालं की एक पुरचुंडी माझ्या घरी यायची. “मास्तरांनी आकडा पास केला,” असं ते गावभर सांगत. आम्ही ते मीठ वर्षानुवर्षं खाल्लं. ते गणित करून बघायला मी एकदाही बसलो नाही, याची मला आजही लाज वाटते.

सत्तरच्या दशकात ते गेले. तेराव्यानंतर त्यांची बायको वही घेऊन आली. “तुमची सही हाय, तुमीच ठेवा.”

शेवटची नोंद होती: २३३, बाकी १६७. खाली माझी सही. त्यांच्या पद्धतीनं मधले वगळले की पुढचा आकडा २३९. मी पेन्सिल घेतली. चार हजार सहाशे एकोणपन्नास वेळा गेला. खाली काहीच उरलं नाही.

मी सही केली नसती, तर दुसऱ्या दिवशी भाकरी खाऊन त्यांनी हाच भागाकार केला असता.