आईच्या मोज्याचा काठ

रुखवत बघितलं की माझं डोकं फिरतं. क्रोशानं विणायचं, मग खळीत बुडवायचं, उन्हात ताठ करायचं आणि मांडवात टेबलावर मांडायचं. कमळं, टोपल्या, कलश, बदकं. लोक भोवती गर्दी करून फोटो काढतात आणि आठ दिवसांनी सगळं पोत्यात भरून माळ्यावर टाकतात. एक वस्तू कुणाच्या कामाची असेल तर शपथ!

आणि या असल्या कामात आमची भावजय हसनाबादेत एक नंबर. धाकट्या भावाची बायको, वडीगोद्रीकडची. तिच्या बदकांना आसपासच्या गावांतून ऑर्डरी येतात. एका बदकाची मान आजवर सरळ बघितली नाही मी. पण हिला कौतुक किती! ‘ताई, ह्ये बघा, ताई, त्ये बघा.’ मी बघायची, ‘छान’ म्हणायची, आणि मनात म्हणायची, जळलं मेलं तुझं बदक.

क्रोशा मीही करते. जुन्या जालन्यात माझ्या घराच्या आसपास सगळी कापडाची दुकानं, दोऱ्याला तोटा नाही. पण मी विणते ते अंगावर चढतं, वापरलं जातं, फाटेपर्यंत टिकतं. हे मी चारचौघांत जरा जास्तच ऐटीत सांगायची.

आई भावाकडे असते. तिला शुगर. मागच्या वर्षी तिच्या डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. पायातली जाणीवच गेलीय तिची. खडा रुतला, चटका बसला, तिला पत्ता नसतो. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, पायात कायम मोजे हवेत, पण रबराचे नकोत, रबर काचतं. यापुढे जखम झाली तर बोटावर भागणार नाही, पाऊल जाईल.

मी बाजार पालथा घातला. ज्याला त्याला रबर. गल्लीतल्या मारवाडी शेटजींनी, तीन पिढ्यांचं दुकान त्यांचं, एक बिनरबराचा जोड काढून दिला, तर तो दोन पावलांत टाचेखाली गोळा व्हायचा. वर मला म्हणतात, ‘बाई, जालन्याच्या गर्मीत मोजे कोण घालतंय? शाळेची पोरं सोडून?’ म्हटलं, ठेवा तुमचे मोजे तुमच्यापाशी, मी विणते.

मोज्यात अवघड असतो तो वरचा काठ. सुती दोऱ्याला स्वतःचा ताण नसतो, म्हणून ताण विणीतून आणावा लागतो. काठ गोल विणायचाच नाही. बारा टाक्यांची अरुंद पट्टी घ्यायची, आणि प्रत्येक ओळीत टाक्याचा फक्त मागचा दोरा उचलायचा. मग पट्टीवर उभे कंगोरे पडतात. ओढली की पसरते, सोडली की मिटते. घोट्याला पुरेल इतकी झाली की टोकं जोडायची आणि तिथून खाली मोजा उतरवायचा. मी हे मोबाइलवर बघून शिकले. शिकवणारीची नखं एवढी लांब की टाका दिसायचा नाही, नेलपॉलिश तेवढं दिसायचं. पण शिकले.

पहिला जोड नेऊन दिला. पुढच्या रविवारी जाऊन बघते तर काय, आईचे मोजे फळीवर आपापले उभे! आत पाय नाही, काही नाही, बुटासारखे ताठ.

“ताई, धुतल्यावर लई लुळे पडले व्हते,” भावजय हसत म्हणाली. “मंग साबुदाण्याची खळ दिली. बघा कसे झक्कास उभे राह्यले.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काठ दाबून बघितला तर पापडासारखा वाजला. “अगं, डोकं आहे का खोकं? पायात घालायचेत ते, रुखवतात मांडायचे नाहीत!” ती ओशाळली. म्हणाली, “मला वाटलं, चांगलं दिसंल.” चांगलं दिसेल! हिची अक्कल तिथंच संपते.

खळ धुऊन जाईल, पण काठ लुळा पडतो म्हटल्यावर दुसरा जोड करायचा ठरवला. दुपारी ओसरीत बसून आईच्या घोट्याभोवती दोरा गुंडाळला, मापाला गाठ मारली. कंगोऱ्याची पट्टी मापापेक्षा दोन बोटं कमीच धरायची असते, तरच ती पायाला धरून राहते. भावजय चहा घेऊन आली आणि दाराशी घुटमळली.

“ताई, जरा ढिलं ठिवा.”

“तू बदकाचं बघ,” मी म्हटलं. “पायाचं मला कळतं.”

ती आत गेली. आईनं माझ्याकडे बघितलं. साडेतीन झाले तशी मी दोरा पर्समध्ये टाकला आणि स्टँडवर आले. चारची गाडी माझी ठरलेली. ती चुकली की पुढचीला उभं राहून जावं लागतं.

दुसरा जोड देखणा झाला. चाळीस ओळी, एक टाका इकडचा तिकडे नाही. शेजारणींना दाखवला, फोनवर फोटो पाठवले. हो, मीसुद्धा. रुखवताला नावं ठेवणारी मी.

मग भाचीचं, याच भावाच्या मुलीचं, लग्न निघालं आणि मी पहिल्यांदाच मुक्कामाला गेले. हळद लागली, बायकांचा कलकलाट, ओसरीत रुखवत मांडलेलं, त्यात बदकांची अख्खी पलटण. दिवेलागणीला मी आईला शोधत मागच्या खोलीत गेले. आई खाटेवर बसलेली. भावजय खाली जमिनीवर, हाताला हळद, आईचा पाय मांडीवर, आणि हातात कात्री. माझ्या मोज्याचा काठ ती वरून खाली कापत होती.

मी ओरडलेच. दोन-चार बायका धावत आल्या, त्यांच्यादेखत तिला नाही नाही ते बोलले. “स्वतःला कवडीचं येत नाही आणि दुसऱ्याचं कापायला बरं सुचतं! जळतेस तू माझ्यावर!” ती मान खाली घालून कापतच राहिली. काठ सुटला. तिनं मोजा काढला आणि आईचा पाय दिव्याकडे वळवला.

घोटा फुगून टम्म झाला होता. त्याभोवती माझ्या चाळीस ओळी उमटल्या होत्या, कंगोरा न् कंगोरा मोजता येईल इतक्या. खाली करकोचा पडलेला, आणि एके ठिकाणी कातडी पांढरी पडून आत पाणी धरलेलं. आईला काहीच कळलं नव्हतं. ती आम्हा दोघींकडे बघत होती, भांडण कशावरून ते समजत नसल्यासारखी.

भावजयीनं अंगठा हळूच फिरवला. “फुटलं न्हाई,” ती म्हणाली. मग तिनं श्वास सोडला. “रोज या टायमाला पाय सुजतो त्यांचा. मी रोज काठ उलटून खाली घेते. आज लगीनघाईत ध्यान न्हाई राह्यलं.”

“मला सांगायचं नाही?”

“सांगितलं व्हतं की, ढिलं ठिवा म्हणून.” आवाजात राग नव्हता, हेच मला सोसेना. “तुमाला तरी कसं ठावं असंल ताई? तुमी चारच्या गाडीनं जाता.”

बायका एकेक करून निघून गेल्या. मी तिथंच उभी. सहा वर्षं आई या घरात आहे, दर रविवारी मी येते. सहा वर्षांत दिवे लागल्यावर आईचा पाय कसा दिसतो ते मी एकदाही बघितलं नव्हतं, आणि जिच्या बदकांना हसत होते ती तो रोज मांडीवर घेत होती. माझी मलाच लाज वाटली. शिसारीच आली म्हणा ना.

लग्न पार पडलं. बदकं वाईटच होती, ते मी अजूनही म्हणेन. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीत भावजयीजवळ बसून कापलेला काठ उसवत होते. साडेतीनला भिंतीला धरत धरत आई बाहेर आली. अनवाणी. माझी पिशवी तिनं स्वतः भरून, स्वतः उचलून आणली होती. ती उंबऱ्याजवळ ठेवली.

“ऊठ,” ती म्हणाली, “गाडी जाईल तुझी.”

“आज नाही जायचं, आई.”

तिला ते खरं वाटलं नाही. पिशवीवर हात ठेवून ती रस्त्याकडे बघत उभी राहिली. भावजय उठली, तिला धरून बसवलं, तळवे पुसून पाहिले आणि दोन्ही पाय माझ्या मांडीवर ठेवले.

“धरा जरा, ताई. मी कणीक मळते.”

मी दोरा हातात घेतला, पण माप घेतलं नाही. दिवे लागायला अजून वेळ होता.