बिनसाखरेचं थंडं आणि तीन बशा

हसू नका म्हणून उपयोग नाही, तुम्ही हसणारच. पण चहा सावकाश घ्या. मला घाईत सांगता येत नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. आम्ही सुरतेत गोडादऱ्यात राहायचो, मी कापडाच्या लूमवर कामाला. माझ्या सुनंदाला कतारगामचं स्थळ आलेलं. माणसं आमच्यासारखीच, खानदेशातून आलेली. दोन्हीकडून पसंती झाली, रविवारी सुपारी फुटायची होती. अडचण एकच: मुलाच्या वडिलांना साखरेचा आजार. पहिल्या वेळी ते चहासुद्धा न घेता गेले, ते सुनंदाच्या आईला फार लागलं.

बाजारात तेव्हा बिनसाखरेचं थंडं, कोल्ड्रिंक हो, नवंच आलं होतं. मी दुकानात गेलो आणि दोन कंपन्यांचे डबे पुढ्यात ठेवून घेतले. इंग्रजी मला कुठलं? दुकानदारालाच वाचायला लावलं. पाणी, गॅस, रंग, आंबटपणासाठी अमुक, गोडीसाठी तमुक... एकेक नाव सुरतेहून नंदुरबारपर्यंत लांब! आणि दोन्हींत जवळजवळ तेच.

"शेठ, साखर कशात आहे?"

"काका, बन्नेमां खांड नथी!"

"दोन्हींत साखर नाही, मग गोड कसं लागतं?"

"ए तो कंपनीने खबर!"

घरी येऊन दोन्ही चाखली. गोड! अगदी साखरेसारखी! मला घाम फुटला. हे पिऊन माणूस सुपारीच्याच दिवशी आडवा झाला तर?

मग गावाकडचे म्हातारे आठवले. त्यांना कुठली आलीय लॅबोरेटरी? मोरीत लघवीच्या जागी मुंग्या जमल्या की ते ओळखायचे, घरात कुणाला तरी साखर झाली. म्हटलं, मुंगीला इंग्रजी वाचावं लागत नाही!

रविवारी सकाळी उंबऱ्याशी तीन बशा मांडल्या. दोन बशांत दोन डब्यांतलं थंडं. तिसरीत गुळाचं पाणी, म्हणजे मुंग्या आज कामावर आहेत की सुट्टीवर, तेही कळेल. आणि मी पालथा पडून बघत राहिलो.

"अहो, हाई काय मांडेल शे?" सुनंदाची आई.

"गप. तपासणी चालू शे."

दोन्ही काळ्या थंड्यांकडे एक मुंगी फिरकेना. गुळाच्या पाण्याला मात्र ही रांग! मी आनंदाने ओरडणार, तोच नाकासमोर चार पाय. पाहुणे वेळेआधीच हजर!

विहीणबाई वाकल्या. बशीत पिवळं पाणी, त्याला मुंग्या, शेजारी पालथा पडलेला मुलीचा बाप. त्याही खानदेशच्याच. काय समजल्या, ते मी सांगायला हवं का?

"अगं बाई! भाऊ, तुम्हालाही साखर? आणि लपवलंत आमच्यापासून?"

"नाही हो ताई, गुळाचं पाणी आहे ते!"

"गुळाचं पाणी लोक तांब्यात देतात, भाऊ! चला हो तुम्ही. दोन्ही आजे साखरेचे, नातवंडांनी काय करायचं?"

दाराआड सुनंदाचे डोळे भरून आले. माझी जीभ मुळातच हळू. उचलली ती बशी आणि लावली तोंडाला. मुंग्यांसकट!

विहीणबाईंच्या समजुतीप्रमाणे मी काय प्यालो होतो, ते मला पिऊन झाल्यावर लक्षात आलं!

सुनंदाच्या आईने धावत जाऊन उरलेल्या गुळाच्या पाण्याचा तांब्या आणला आणि व्याह्यांसाठी आणलेल्या थंड्याची सगळी हकीकत सांगितली. व्याह्यांनी वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं.

"गूळच आहे गं!" म्हणाले, आणि उंबऱ्यावरच बसून पोट धरून हसले. "माझ्यासाठी मुंग्या गिळणारा व्याही कुठे मिळणार? फोडा सुपारी. आणि ते थंडं आणा, पण पेल्यात!"

त्या दोन थंड्यांतलं कुठलं बरं, यावर पुढे आम्ही दोघांनी बरीच वर्षं वाद घातला. आता ते नाहीत. दुकानात डबे दिसले की मी उगाच थांबतो.

विहीणबाई मात्र खणखणीत आहेत. मी लेकीकडे गेलो की स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडतात, "सुनंदा, तुझ्या आप्पांच्या चहात काहीतरी कमी आहे बघ गं. मुंग्यांशिवाय उतरत नाही त्यांना!"