तोंडावरचा हात

पांढरकवड्याच्या कोर्टातले कारकून मधुसूदनराव यांची बायको सत्यशीला कधी मोकळेपणी हसलेली गावात कुणी पाहिली नव्हती. हसू आलं की आधी उजवा हात तोंडावर जायचा. वरचे दात पुढे होते, एवढंच. पण लग्नाच्या पंगतीतच नणंदेने शेजारणीला कोपराने ढोसलं, आणि तेव्हा वर गेलेला हात खाली आलाच नाही. ‘हसतील त्यांचे दात दिसतील’ असं तिला पुष्कळांनी ऐकवलं. सांगणाऱ्यांचं काय जातं? हसणाऱ्यांचे दात कुणी पाहत नव्हतं, हिचे पाहत होते.

१९६१ साली तिच्या मुलीचे, मंजुषाचे, पुढचे दात तसेच बाहेर यायला लागले, तेव्हा बाईने हट्टच धरला. हा हात पोरीच्या वाट्याला येऊ द्यायचा नाही. नवऱ्याच्या मागे लागून तिने नागपूरचे दातांचे डॉक्टर गाठले, आणि जन्मात परक्यासमोर बोलली नव्हती एवढं बोलली. पोरीचं वय लहान तर नाही? सुळा काढला तर डोळा जातो म्हणतात, ते खरं का? दुखेल का?

डॉक्टर भला माणूस. डोळ्याचा नि दाताचा काही संबंध नाही, म्हणाला. वय अगदी योग्य आहे. टाळूला प्लास्टिकची, तारा लावलेली प्लेट बसवू. जेवताना काढायची, धुवायची, पुन्हा घालायची, आणि दर महिन्याला दाखवायला आणायचं. थोडं दुखणारच, दुखलं म्हणजे दात सरकतोय असं समजा.

निघता निघता तिने हाताआडूनच विचारलं, “आणि मोठ्या माणसांचे होतात का सरळ?”

“होतात की बाई. वेळ जास्त लागतो.”

मधुसूदनराव चपला घालत होते. ते तसेच दाराबाहेर पडले, मग तीही पोरीला घेऊन मागोमाग निघाली.

प्लेट घरी आल्यावर पेच पडला. तोंडातून काढलेली वस्तू उष्टी. या घरात पाणीसुद्धा वरून प्यायचे. भांड्याला ओठ लागला तर ते विस्तवावर धरल्याशिवाय फळीवर जात नसे. प्लेट विस्तवावर कशी धरणार? सत्यशीलाने प्लेटला न्हाणीघरात वेगळी वाटी दिली आणि रोज संध्याकाळी बंबातलं उकळतं पाणी प्लेटवर ओतायला सुरुवात केली. डॉक्टरने धुवा म्हटलं होतं. कसं धुवावं हे तिला कुणी शिकवायचं? पाणी पडलं की गुलाबी प्लेट किंचित मऊ व्हायची, गार झाली की पुन्हा कडक. मळ सुटत असेल, असं तिला वाटे.

“आई, एकाच दाताला फार लागतं गं,” मंजुषा म्हणाली.

“लागणारच. सरकतोय तो.”

भाद्रपदात पितृपंधरवडा आला, नागपूरची खेप राहिली. पुढे घट बसले, तेव्हाही राहिली. पोर अर्धी भाकरी टाकून उठायची आणि डोळे पुसत शाळेत जायची. प्लेट मात्र आई स्वतःच्या हाताने दाबून बसवायची. अलीकडे ती दाबल्याशिवाय बसत नव्हती.

दसरा झाला आणि एके दिवशी दुखणं थांबलं. अगदी थांबलं. सत्यशीलाला एवढा आनंद झाला की तिने शिरा केला, आणि तांड्यावरून दूध घालायला येणाऱ्या लालीबाईच्या हातावरही घातला. लालीबाईचं लक्ष शिऱ्याकडे नव्हतं.

“बाई, पोरीचा दात काहून काया पडून राह्यला?”

“चिंचेचा डाग असेल.”

“आमच्या गाईचं शिंग असंच ठनकत होतं. ठनकनं थांबलं, तवा आमाले बरं वाटलं. मंग शिंगच गयून पडलं.”

सत्यशीलाला तिचा राग आला. चांगल्या दिवशी काय हे बोलणं! तिने मंजुषाला समोर बसवून राखुंडीने दात घासला. डाग जाईना. संध्याकाळी बंबाचं पाणी तिने प्लेटवर रोजच्यासारखं ओतलंच.

पुढच्या खेपेला नागपूरला डॉक्टरने प्लेट टेबलावर ठेवली. ती एका अंगावर डुगडुगली.

“ही गरम पाण्यात घालत होता?”

“उकळत्या,” सत्यशीला म्हणाली. “रोज. उष्टी असते ना.”

डॉक्टरने प्लेट उचलून उजेडात धरली. मग हळूच म्हणाला, “वाकली बाई ही. सगळा जोर पुढच्या एकाच दातावर आला. दुखायचं थांबलं, म्हणजे दात आतून मेला होता. आता मुळाशी पू झालाय. काढावा लागेल.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ, गाऱ्हाणं कुणाकडे सांगणार? दात काढला तेव्हा सत्यशीला बाहेरच्या बाकावर बसून राहिली. पोरीचं ओरडणं ऐकू येईल म्हणून तिने कान झाकले होते. मंजुषा ओरडली नाही.

परतीच्या बसमध्ये कुणाची तरी कोंबडी टोपलीतून सुटली आणि थेट कंडक्टरच्या खांद्यावर जाऊन बसली. सगळी बस हसली. मंजुषालाही हसू आलं, आणि तिचा उजवा हात तोंडावर गेला.

सत्यशीलाने तो धरून खाली ओढला. तो पुन्हा वर गेला.

“नाही दुखत गं आई आता,” हाताआडून मंजुषा म्हणाली. “तू रडू नको.”