शेजाऱ्याचा अंगठा

विश्वासाची, धीराची पुस्तकं मी जन्मभर वाचत आले. शाळा म्हणाल तर दोन बुकं. पुढचं सगळं या पुस्तकांनीच शिकवलं. नातसून विचारते, "आजी, यातलं सगळं पटतं का हो तुम्हांला?" पटतं बाई, बहुतेक पटतं. एका जागी मात्र मी अजून अडते. का अडते ते सांगायचं, तर सोलापुरातल्या तारेच्या आतली एक संध्याकाळ सांगावी लागेल.

आम्ही सेटलमेंटमध्ये राहत होतो. इंग्रज सरकारनं काही जातीच्या जाती गुन्हेगार म्हणून कागदावर चढवल्या होत्या, त्यातली आमची एक. माझ्या वडिलांनी कधी कुणाची काडी उचलली नाही, पण जन्मच यादीतला, त्याला काय करणार! भोवती काटेरी तार, फाटकावर शिपाई. मोठी माणसं सकाळी मिलमध्ये जायची, आणि संध्याकाळी सगळ्यांची हजेरी. कारकून नाव पुकारणार, आपण "हजर" म्हणायचं. बाहेरगावी मुक्कामाला जायचं तर पास लागायचा, आणि त्या पासावर दुसऱ्या कुणीतरी जामीन म्हणून अंगठा द्यायचा. माणूस वेळेत परतला नाही तर त्याला कोठडी, आणि जामिनाचं लायसन बंद. लायसन म्हणजे तारेबाहेर, शहरात खोली घेऊन राहायची परवानगी. लोक वर्षानुवर्षं तिची वाट बघायचे.

आमच्या पत्र्याच्या भिंतीपलीकडे तात्या आणि काकी राहायचे. तात्यांचं लायसन मंजूर झालं होतं, येत्या सोमवारी कागद हातात पडायचा होता. काकीनं मिलच्या मागं खोलीसुद्धा बघून ठेवलेली. "आट वर्सांनी माजं सोताचं दार उगडीन," म्हणायची, "आन कुणाला न इच्चारता मंगळवारच्या बाजारला जाईन. नुसती हिंडीन. काय घेनार बी न्हाय."

आमची पाच-सहा घरं ख्रिस्ती झालेली. दर गुरुवारी एक बाई कापडी पिशवीत पुस्तकं घेऊन यायची, एक ठेवायची, वाचलेलं न्यायची. आईला अक्षर येत नव्हतं. ती भाकरी थापायची आणि मी चुलीच्या उजेडात मोठ्यानं वाचायची. त्या आठवड्याचं पुस्तक एका विधवेचं होतं. गावचा सावकार तिला सांगतो, कोर्टात माझ्या बाजूनं एक खोटं वाक्य बोल, तुझं शेत तुला ठेवतो. ती बोलत नाही. शेत जातं, घर जातं, पोरं उपाशी निजतात, तरी ती प्रभूचा हात सोडत नाही. तात्या आमच्या धर्माचे नव्हते, पण पलीकडून कान लावून असायचे. मध्येच ओरडले, "अगं, एकदा खोटं बोलली असती तर चार पानांत उरकलं असतं की! आपली बी लवकर झोप झाली असती." आईला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावाहून, केमहून, निरोप आला. वडिलांची आई, माझी आजी, शेवटच्या घटका मोजत होती, आणि लेकाचं नाव घेत होती.

जामिनासाठी वडील आधी आपल्या भावांकडे गेले. भाऊ म्हणजे ख्रिस्ती मंडळीतले, रविवारी एका चटईवर बसून गाणारे. एकानं सांगितलं, "प्रार्थना करतो." दुसरा म्हणाला, "माझंबी लायसन यायचंय रे, पोरं हायत." मी त्यांना नावं ठेवत नाही. पोरं होतीच. वडील परत येऊन उंबऱ्यात बसले तेव्हा तात्या तंबाखू मळत उभे होते.

"किती रोजाचा पास?"

"एका रातीचा. उद्याच्या हजेरीच्या आत हितं."

"तू देवाचा झालास की रं. मग त्यो न्हाय का ऱ्हात जामीन?"

तात्यांनी तंबाखू झटकली. "म्हातारी जित्ती हाय नव्हं? मग ऊठ. कारकून जेवाय जायच्या आत अंगठा करून टाकू."

काकी धावत आली. "आवं, सोमवार चार दिसांवर आलाय! डोस्कं फिरलं का तुमचं?"

"येतोय की गं त्यो. लई पुस्तकं ऐकलीत त्यानं, बोलल्याला जागंल."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीची शिटी ऐकू आली. स्टेशनपासून चालत यायला लागतो तेवढा वेळ आम्ही फाटकाकडे बघत बसलो. मग तेवढाच वेळ आणखी. आई निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत होती. काकी चार वेळा येऊन गेली. पहिल्यांदा म्हणाली, "येतील." दुसऱ्यांदा म्हणाली, "गाडीला उशीर झाला आसंल." पुढच्या दोन्ही वेळा नुसती उभी राहिली आणि गेली.

मिलचा भोंगा झाला. माणसं आली, रांगा लागल्या. दिवस मावळला होता, चेहरे नीट दिसत नव्हते. पुरुषांच्या रांगेचं शेपूट बायकांच्या रांगेला लागायचं, तिथं तात्या मुद्दाम मागं येऊन उभे राहिले. मी आईचा पदर धरून होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"वैनी, त्याचं नाव निगालं की मीच 'हजर' म्हणतो."

हे तिथं चालायचं. कुणी तापानं पडला, कुणी झोपून राहिला, तर शेजारचा आवाज बदलून म्हणायचा. कारकून मान वर करत नसे. आम्ही पोरं तर त्याची नक्कल करून खेळायचो.

आई म्हणाली, "नगा भावजी."

"सकाळच्या गाडीनं येतोय त्यो. कुणाला कळायचं न्हाय."

"खोटं हाय ते."

"आवं, खोटं माज्या तोंडचं! तुमाला कशाचं पाप?"

काकी वाकली. खरंच वाकली, आईच्या पायाला हात लावला. "वैनी, एक डाव. माज्यासाटी."

माझं मन ओरडत होतं, आई, गप्प राहा. तुला काही बोलायचंच नाहीये, नुसती गप्प राहा! आणि त्याच वेळी मला ती पुस्तकातली विधवा आठवत होती. मीच वाचून दाखवली होती आईला, हुंदके देत देत.

कारकुनानं वडिलांचं नाव घेतलं. तात्यांनी श्वास भरलेला मला ऐकू आला. त्यांच्या आधी आई बोलली, मोठ्यानं.

"न्हाय आले."

कारकुनानं मान वर केली. "जामीन कोण?"

"मी," तात्या म्हणाले.

त्यानं लिहून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं.

रांग मोडल्यावर मंडळीतला एक जण आईजवळ आला. "बाई, चांगली साक्ष दिलीस." आई त्याला म्हणाली, "तुमी माज्याशी बोलू नगा."

वडील सकाळी आले. माणसं मिलकडे निघाली होती, तेव्हा फाटकात त्यांना शिपायानं धरलं. कपड्यांना माती. आजी आदल्या दिवशी सकाळी गेली होती. लेकानं देव सोडले म्हणून गावातलं कुणी खांदा द्यायला येईना. त्यांनी आणि त्यांच्या चुलत्यानं दोघांनीच खड्डा खणला, आणि गाडी निघून गेली.

तात्या रांगेतून बाहेर आले. "भेटली का म्हातारी?"

"भेटली."

"वळीकलं?"

"वळीकलं. पाणी पाजलं मी."

"मग झालं," तात्या म्हणाले, आणि परत रांगेत जाऊन चालू लागले. लायसन गेल्याचं वडिलांना शिपायानं सांगितलं. ते म्हणाले, मला दुप्पट कोठडी द्या, पण त्याचा कागद अडवू नका. तसा नियम नव्हता. तात्या आणि काकी पुढं आणखी तीन वर्षं तारेच्या आत राहिले.

माझी अडण्याची जागा ती ही. पुस्तकातली विधवा खरं बोलली आणि तिनं स्वतःचं शेत दिलं. माझी आई खरं बोलली आणि शेजारणीची खोली गेली. पुढं मोठेपणी मी आईला विचारलं, तू चुकलीस का गं? ती म्हणाली, "त्या पुस्तकातल्या बाईला शेजारी न्हवता." एवढंच. तिनं कधी स्वतःला बरोबरही म्हटलं नाही.

वडील कोठडीत गेले त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटवायची नव्हती. मयताच्या घरी शेजाऱ्यानं भाकरी न्यायची, ही आमची रीत, धर्म बदलला तरी ती सुटली नव्हती. मंडळीतल्या बायका शरमेनं म्हणा, कशानं म्हणा, फिरकल्या नाहीत. दुपार कलली. मी भुकेनं रडकुंडीला आले होते, आणि आई भिंतीला टेकून बसली होती.

काकी आली. हातात पिठलं आणि चार भाकरी. डोळे सुजलेले. तिनं ताट आईच्या पुढं आदळलं.

"खा."

आई म्हणाली, "माजी बाय, मला..."

"माज्याशी बोलू नगंस. तुजं तोंड बगायची इच्छा न्हाय मला." पण ती गेली नाही, ताटासमोरच फतकल मारून बसली. "मी उटले की तू ते पोरीला घालशील आन सोता उपाशी ऱ्हाशील, ठाव हाय मला. माज्यासमोर खा."

आईनं एक तुकडा मोडला. काकी तिच्या हाताकडे बघत राहिली, आणि तो आईच्या तोंडात गेल्यावर तिनं दुसरा मोडून दिला.