आधी मोजे घाल, बाय

देवीवर माझी श्रद्धा होती की नुसता तोरा, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. नव्वदीच्या दशकात मी नेरूळच्या एका छोट्या प्रसूतिगृहात नर्स होते. रबरी हातमोजे मोजकेच असत. धुऊन, पावडर लावून तेच पुन्हा वापरायचे. ते मी डॉक्टरीणबाईंसाठी राखून ठेवायचे आणि स्वतः उघड्या हातांनी कामाला लागायचे. रक्तातून काविळीची लागण होते हे ठाऊक होतं. पण कुलदेवीचं नाव घेतलं की मला काही होणार नाही, अशी माझी ठाम समजूत.

एका मंगळवारी सकाळी विळीवर बोट चांगलंच कापलं. हळद दाबली, पट्टी बांधली आणि ड्युटीवर गेले. दुपारपर्यंत पट्टी भिजून गळून पडली. तेवढ्यात खाडीकाठच्या गावातली एक बाई कळा देत आली, सोबत सासू. आता कुठल्याही क्षणी बाळंत होईल अशी अवस्था, आणि डॉक्टरीणबाई यायला वेळ होता. मी देवीचं नाव घेऊन पुढे झाले, तर त्या बाईने माझं मनगटच धरलं.

"हात नको लावू, बाय. आधी मोजे घाल. मना रक्तातली कावील हाय."

सासूने कपाळावर हात मारला. "कशाला बोललीस? आता हितूनपन हाकलतील."

खरं सांगितलं म्हणून सकाळपासून दोन दवाखान्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. तरी तिसऱ्यांदाही ती खरं तेच बोलली. कळ ओसरल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "बोट कापलंय तुजं. तुला पन पोरं असतील."

"तुला इथून कोणी हाकलत नाही," मी म्हणाले. नवी पट्टी बांधली, मोज्यांवर मोजे चढवले, प्लास्टिकचा एप्रन घातला. सुई वापरून झाल्यावर टोपण लावत न बसता सरळ डब्यात टाकली. डॉक्टरीणबाई पोहोचल्या तेव्हा मुलगी झाली होती आणि खणखणीत रडत होती. तिला त्याच दिवशी काविळीची लस दिली. इतकी वर्षं टाळलेली लस मीही त्या आठवड्यात टोचून घेतली.

त्यानंतर मोज्यांशिवाय मी कुणालाच हात लावला नाही, आणि आजारामुळे कुणाला दारातून परतही जाऊ दिलं नाही. देवीला शरण जायचं तर तिने सांगितलेलं निमूट ऐकायचं, एवढं मी शिकले. नव्या मुली विचारतात, सिस्टर, तुम्हाला देवी कधी दिसली का? दिसली, मी सांगते. कळा देत होती, आणि माझा हात धरून मलाच दटावत होती.