नानाची वीज आणि नानाची मिशी

आमच्या तालमीच्या कट्ट्यावर किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. कोपऱ्यात केर जमतो तसे ते आपोआप जमतात, आणि झाडून काढायला गेलं की दुप्पट निघतात. त्यातला निम्मा केर एकट्या नानाचा!

नानाचं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान तालमीला लागूनच. तालमीच्या गणेश मंडळाचा अध्यक्षही तोच. दुकानात दुरुस्त झालेले टीव्ही कमी आणि 'उद्या या' ऐकून परत गेलेली गिऱ्हाइकं जास्त. पण मिशी अशी झुपकेदार, की भांडायला आलेला माणूसही आधी तिच्याकडं बघून घ्यायचा.

सायबर कॅफे नवीन होते तेव्हाची गोष्ट. नानाला इंटरनेटवर टेस्ला कॉइलचा आराखडा सापडला. पाइपवर तांब्याची तार गुंडाळायची, खाली एक सर्किट जोडायचं, की वरच्या टोकातून हवेत खरीखुरी निळी वीज उडते! अवजड ट्रान्सफॉर्मर नको, काही नको. सगळी मदार मॉस्फेट नावाच्या अंगठ्याएवढ्या पार्टवर. नानानं पाडव्याच्या मीटिंगमध्येच जाहीर केलं, "औंदा गोवर्धनाचा देखावा! इंद्राच्या हातातनं खरी वीज पाडायची!"

पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष तात्या तेव्हा आमच्याच कट्ट्यावर, आमचाच चहा पीत बसला होता. तो म्हणाला, "नाना, गेल्या साली तुझ्याच्यानं गणपतीमागचं चक्र फिरंना. तू वीज पाडणार व्हय?"

"पहिलं बक्षीस आणलं न्हाय, तर ही मिशी गणपतीसंगं पंचगंगेत सोडीन!"

झालं! मंडळाची इभ्रत नेहमीच पणाला लागलेली असते, तिचं कुणाला काही वाटत नाही. मिशीची बात वेगळी. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून सगळी पेठ नानाच्या नाकाखाली बघून बोलू लागली.

*

आराखडा इंग्रजीत, म्हणून पॉलिटेक्निकचे चव्हाण सर आले. सरांना सगळी थिअरी पाठ. फक्त सोल्डरिंगची गन हातात दिली की चष्मा पुसायला लागायचे.

पहिल्या टेस्टिंगला सर्किटमधून 'फाट्' असा आवाज झाला, धूर निघाला आणि अख्ख्या गल्लीची लाइट गेली. अंधारात सरांचा शांत आवाज आला, "थिअरीत हे होऊच शकत नाही."

"सर, थिअरीला जरा हिकडं बोलवा. धूर नाकात जायलाय!" नाना ओरडला.

त्यानंतर मॉस्फेट उडतच राहिले. प्रत्येक वेळी नाना म्हणायचा, "माल डुप्लिकेट हाय." सर म्हणायचे, "थिअरीत बसत नाही." आणि गल्लीतल्या बायका खिडकीतून जे म्हणायच्या, ते मी इथं लिहू शकत नाही. ऐन सिरियलच्या वेळेला टेस्टिंग करायचं डोकं फक्त आमच्याच मंडळाला सुचू शकतं.

*

तार गुंडाळायचं काम धनाजीकडं. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, हात सफाईदार. कॉइल अशी देखणी झाली की सरांनी तिच्यावरून हळूच बोट फिरवलं. जोडली, बटण दाबलं. ठिणगी नाही! तपासून तपासून सगळे थकले. मग धनाजी लाजत म्हणाला, "तरी मी कागदावर हुतं त्यापरास वेढे जास्तच मारल्यात."

"जास्त? का?"

"आपलंच मंडळ हाय. तिथं काय मोजून मारायचं व्हय?"

इथंच सगळं घोडं अडलं होतं! खालच्या सर्किटचा आणि वरच्या कॉइलचा ताल जमला तरच वीज उडते, वेढे वाढले की ताल जातो. पण हे कोल्हापुरात कुणाला पटवायचं? इथं पाहुण्यानं 'पुरे' म्हटलं की रश्श्याची अजून एक वाटी ताटात येते. सरांनी फळ्यावर सूत्र मांडलं. धनाजीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "शिकल्याली माणसं लई चिक्कू असत्यात."

शेवटी सर त्याला मिसळ खायला घेऊन गेले आणि मागं नानानं जादा वेढे उतरवले. धनाजीला हे आजही माहीत नाही. तो अजून सांगतो, "माझ्या जादा वेढ्यांमुळं कॉइल चालली!"

*

कॉइलच्या डोक्यावर बसवायला गोल गुळगुळीत धातूचं काहीतरी हवं होतं. नानानं घरातल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, दोन कढया उचलल्या आणि तोंडाला तोंड लावून बसवल्या. तिसऱ्या दिवशी वहिनी दुकानात हजर.

"माझ्या कढया कुठं हायत?"

"अगं, त्यातनं वीज निघणार हाय."

"आधी भजी काढायची हायत!"

कढया कॉइलवरच राहिल्या, पण नानाच्या घरी गणपतीपर्यंत तळण झालं नाही. नानाचं वजन त्या वर्षी उतरलं, तेवढा एक फायदा.

नवीन यंत्राला नजर लागू नये म्हणून धनाजीनं तिथंच वर लोखंडी तारेत लिंबू-मिरची टांगली. बटण दाबलं आणि पहिली मोठी वीज कडाडत थेट लिंबावर पडली! सगळे नाचत होते. मला एकट्यालाच त्या लिंबाची दया आली. बिचारं नजर काढायला आलं होतं आणि त्यालाच लागली.

*

कॉइल सुरू असताना नुसती ट्यूब हातात धरून जवळ गेलं तरी ती पेटते. नानाला हे कळल्यावर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून दाखवायला लागला. पोस्टमनला दाखवून झालं, गवळ्याच्या म्हशीलाही दाखवून झालं. समोरच्या आक्काला बोलावलं. "बघा आक्का, वायर न्हाय, बटण न्हाय, आनि ट्यूब लागली!"

आक्कानं ट्यूबकडं पाहिलं, मग नानाकडं. "तरीच! आमचं बिल एवढं का याय लागलंय त्ये आज कळालं."

त्या दिवसापासून गल्लीतल्या प्रत्येकाच्या वाढीव बिलाला नानाच जबाबदार!

*

गणपती दोन दिवसांवर आले आणि तात्पुरतं कनेक्शन द्यायला वीज खात्याचे साहेब आले. नानानं हौसेनं बटण दाबलं. साहेब दोन पावलं मागं सरकले ते सरळ खुर्चीवर आदळले.

"या की पावणं, चहा घ्या," नाना म्हणाला.

"चहा राहू द्या. पुढं एक धोक्याची पाटी लावा, एक वाळूची बादली ठेवा आणि मेन स्विचपाशी एक माणूस उभा करा. तरच परवानगी!"

मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळं पाट्या माझ्याकडं. मी एक रंगवली. धनाजी म्हणाला, "एकच? लोक काय म्हणतील!"

मग 'सावधान', 'विजेशी खेळू नका', 'ओल्या हाताने बटण दाबू नका', 'उघड्या वायरी म्हणजे मरणाला आमंत्रण' अशा पाट्या देखाव्याभोवती कुंपणासारख्या उभ्या राहिल्या. वाळूच्या बादल्यांची रांगच लागली. गोवर्धन आणि कृष्ण पाट्यांमागं गेले. बाहेरून दिसत होता फक्त इंद्र, तोही गळ्यापासून वर, आणि त्याचा वज्र उगारलेला हात.

*

देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक आले त्या संध्याकाळी नानानं नवा फेटा बांधला होता. मिशीला तेल लावलं होतं. बटणाला हात लावायच्या आधी त्यानं गणपतीला हात जोडले आणि खरं सांगतो, मीही जोडले. थट्टा कितीही केली तरी माणूस आमचा होता.

नानानं बटण दाबलं.

कडकडाट झाला. कॉइलला जोडलेल्या इंद्राच्या वज्रातून अशी लखलखीत वीज उडाली की रस्त्यावरची गर्दी 'होऽऽ' करत मागं हटली. सुंदर होती हो ती वीज! आणि मग ती वळून इंद्राच्याच थर्माकोलच्या मुकुटात घुसली. मुकुट पेटला. मेन स्विचवरच्या माणसानं स्विच पाडला. धनाजीनं पहिली बादली ओतली, मग दुसरी, मग सगळ्या. आपलंच मंडळ, तिथं काय मोजून ओतायचं? इंद्र गळ्यापर्यंत वाळूत.

परीक्षक काहीतरी कुजबुजले आणि निघून गेले. नाना पायरीवर बसला. फेटा काढून मांडीवर ठेवला. वहिनी आल्या, काळ्या पडलेल्या कढयांकडं बघितलं आणि नानाच्या मांडीवरचा फेटा उचलून हातात घेतला. म्हणाल्या, "घरी चला. मिशी काय, परत येती."

बक्षीस समारंभाला तात्या सलूनवाल्या मारुतीला सोबत घेऊनच आला. मारुती पेटी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत! देखाव्यांची बक्षिसं सुरू झाली. पहिलं बक्षीस तात्याच्या मंडळाला. आमचं नाव उत्तेजनार्थमध्येसुद्धा नाही. मारुतीनं पेटी उघडली.

आणि माइकवरून आवाज आला, "आता सामाजिक जनजागृती गट. विजेचा निष्काळजी वापर देवांच्या राजालाही कसा भोवतो, हे धोक्याच्या पाट्या, प्रत्यक्ष आग आणि ती विझवण्याचं शिस्तबद्ध प्रात्यक्षिक यांतून दाखवणारं मंडळ... पहिलं बक्षीस!"

आमच्या मंडळाचं नाव घेतलं गेलं. आम्ही सगळे नानाकडं बघायला लागलो. चव्हाण सर पुटपुटले, "थिअरीत हे..." आणि चष्मा पुसायला लागले.

नाना उठला. मारुतीच्या पेटीवरून ओलांडून स्टेजवर गेला. ढाल घेतली, माइक ओढला आणि मिशीला दोन्हीकडून पीळ दिला.

"पाडव्यापासनं आमचं मंडळ ह्याच विषयावर काम करालंय. समद्यांना हात जोडून एकच सांगणं हाय. इंटरनेटवर कायबाय बघून असला आगाऊपणा कुणीबी घरात करू नगासा!"