आरोही देवबागला गेली तो दिवस

आरोहीला नाही म्हणता येत नसे. कट्टा गावाच्या आतल्या अंगाला, काजूच्या बागांमधल्या एका घरातली ही मुलगी मालवणच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि कॉलेजात जे काही चाले त्यात ती असे. खो-खोच्या संघात ती, एनएसएसच्या किनारा सफाईत ती, भित्तिपत्रकावरचं अक्षर तिचं. डिसेंबरच्या गॅदरिंगसाठी एकांकिका बसत होती, तिच्यातही मुख्य भूमिका तिचीच. कुणाचं काही अडलं की पोरं म्हणत, “आरोहीक सांग.” ते ऐकायला तिला आवडे. खोटं कशाला, फार आवडे.

त्या दिवसांत ती जेवता जेवता संवाद पाठ करायची, आणि संवाद म्हणताना मधेच तिच्या प्रोजेक्टमधल्या शिंपल्यांची शास्त्रीय नावं ओठांवर यायची. आई वाढता वाढता थांबायची. “तू घरात आसलंस तरी घरात नसतंस गो,” म्हणायची. आरोही हसायची आणि पुढचा घास घ्यायला विसरायची.

एके सकाळी कट्ट्याला तिला एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. बाहेर धुकं होतं. माड कमरेपर्यंत पुसल्यासारखे दिसत होते, वरचे झाप तेवढे हवेत तरंगत होते. आज तालीम होती, भित्तिपत्रक लावायचं होतं, प्रॅक्टिकलची वही तपासून घ्यायची होती. कशानंतर काय, हे ती मनाशी लावत होती, आणि लावता लावता तिचे डोळे मिटले.

स्वप्नात खो-खोचं मैदान होतं. पाटीवर ओळीने बसलेल्या सगळ्या मुली म्हणजे तीच होती. तिने एकीच्या पाठीला हात लावून खो दिला. ती उठून पळाली, पण हिला बसायला जागाच नाही. मग दुसरी पळाली, तिसरी पळाली. मैदानभर आरोही धावत होत्या, आणि कुणी कुणाला पकडत नव्हतं. दूर कुठेतरी पाणी वाजत होतं.

ते पाणी खरंच वाजत होतं. जागी झाली तेव्हा गाडी रिकामी होती, आणि कंडक्टर दारात उभा होता.

“शेवटचो स्टॉप. उतरतंस मां?”

“खंय इलंय मी?”

“देवबागाक. माका वाटला, आज तुका हयसरच येवचा आसा.” तो ओशाळून हसला. “ड्रायव्हर चाय पिवन येतलो, मगे सोडतलो गाडी. बस खंयतरी.”

मालवण केव्हाच मागे गेलं होतं. फोनवर निकेतचे कॉल येऊन पडले होते. निकेत म्हणजे एकांकिका बसवणारा, शेवटच्या वर्षाचा मुलगा. तिने ‘येतंय’ असं लिहिलं, मग पुसलं, आणि फोन पिशवीत टाकून ती समुद्राच्या बाजूला चालू लागली. असं का केलं ते तिला पुढेही नीट सांगता आलं नाही.

किनाऱ्यावर रापण ओढायचं काम चाललं होतं. होडीने लांबवर अर्धगोल जाळं टाकलेलं, त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि माणसं दोन रांगा करून ते ओढत होती. कुणी घाईत नव्हतं. सगळे मिळून मागे झुकत, एक पाऊल मागे येत, पुन्हा झुकत.

“उभ्यान काय बघतंस? धर दोरी!” एक बाई म्हणाल्या. त्यांचं नाव आनंदी, हे तिला नंतर कळलं.

आरोहीने पिशवी वाळूत ठेवली आणि दोर धरला. ओला, खरखरीत दोर. आधी तिने जोर लावला, तर आनंदीकाकू म्हणाल्या, “एकट्यान ओढू नको. सगळ्यांवांगडा ओढ.” मग ती सगळ्यांबरोबर झुकू लागली. धुकं विरळ झालं. होडी, पाणी, माणसं, सगळं एकाच करड्या रंगातून हळूहळू वेगळं होत गेलं. कितीतरी दिवसांनी तिच्या डोक्यात पुढचं काही नव्हतं. गाडी तिच्या पाठीमागे केव्हातरी निघून गेली, तेही तिला ऐकू आलं नाही.

जाळं आत आलं तेव्हा त्यात बांगडे तडफडत होते. आनंदीकाकूंनी एका पिशवीत चार घातले.

“माका कित्याक?”

“दोरीक हात लावलंस, तुझो वाटो आसा.”

दुपारी पुढच्या गाडीने ती कॉलेजात पोचली, हातात मासळीची पिशवी. तालमीच्या खोलीच्या दाराशी थबकली. आतून तिचेच संवाद ऐकू येत होते, दुसऱ्याच आवाजात. रश्मी म्हणत होती. कोपऱ्यात बसून विसरलेलं वाक्य पुरवणारी, कधी न बोलणारी रश्मी. आणि ती चांगलं म्हणत होती. आपण नसलो तर सगळं अडेल, असंच आरोहीला वाटत आलं होतं. काहीच अडलं नव्हतं. भित्तिपत्रकही कुणीतरी लावून टाकलं होतं, थोडं वाकडं.

संध्याकाळी आईने बांगडे धुवायला घेतले. “खंयचे गो हे?”

“देवबागचे.”

“कॉलेज कधी गेला देवबागाक?”

आरोही हसली, आणि हसता हसता रडली. मग चुलीपुढे बसून तिने सगळं सांगितलं. आई तिरफळं ठेचत ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, “तुका काय बरा वाटता, ता कर. लोक आपापला बघतत.”

दुसऱ्या दिवशी तिने निकेतला सांगितलं, भूमिका रश्मीला दे. तो भडकला. “पोस्टरार तुझा नाव आसा!” दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. भित्तिपत्रकही तिने सोडलं. खो-खो मात्र ठेवलं, आणि शिंपले ठेवले. नाही म्हणताना दरवेळी तिचे कान तापायचे.

गॅदरिंगला आरोही पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसली. मांडवात खाडीचा वारा येत होता, पताका फडफडत होत्या. रश्मी रंगमंचावर आली. सुरुवातीला आरोहीचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, शब्दन् शब्द. मग रश्मीने एका वाक्याआधी थोडं थांबून समोर पाहिलं, आरोही कधीच थांबली नव्हती तिथे. मांडव शांत झाला. पुढचं वाक्य काय होतं, ते आरोहीला आठवेना. गालावर हात ठेवून ती ऐकायची वाट पाहत राहिली.